रबरी बोटीवरचे बुरशीचे हट्टी डाग कसे काढावेत

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची रबरी बोट खाली येते. घडी उघडली की आधी ओल्या पोत्यासारखा कुबट वास येतो आणि मग ठिपके दिसतात. मोहरीएवढे, काळे-हिरवट, जोडाच्या पट्टीला लागून मुंग्यांसारखे रांगेत बसलेले. फडक्यानं पुसलं तर वरची काजळी निघते, खाली करडी सावली तशीच राहते. इथे बहुतेकांचा धीर सुटतो. मग कुणी ॲसिड आणतं, कुणी थिनर, कुणी तारेची घासणी. बुरशीनं दोन वर्षांत केलं नसतं तेवढं नुकसान त्यानं अर्ध्या तासात होतं.

बुरशी मारणं आणि तिचा डाग काढणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे सुरुवातीलाच लक्षात घ्या. पहिलं काम साध्या सामानात होतं आणि ते केलंच पाहिजे. दुसरं काम कधी पूर्ण होतं, कधी नव्वद टक्क्यांवर अडतं. मेलेल्या बुरशीची फिकट सावली बोटीला काहीही करत नाही. त्या सावलीपायी कापडावरचा थर झिजवला, तर मात्र बोट जाते.

इतक्या कोरड्या गावात बुरशी येते कुठून

एप्रिल-मेमध्ये नागपुरात हात धुतला की टॉवेल शोधेपर्यंत वाळतो. त्यामुळे 'आपल्याकडे कशाची बुरशी' असं अनेकांना वाटतं. पण जूनच्या मध्याला पाऊस लागला की सप्टेंबर सरेपर्यंत हवा ओलसरच असते. हवेतली आर्द्रता बराच काळ ७०-७५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला पुरेसं होतं. ओली बोट गुंडाळून ठेवली असेल तर तेवढीही वाट बघावी लागत नाही, एक-दोन दिवसांत सुरुवात होते.

दुसरं कारण खास आपलं आहे: कूलर. ज्या खोलीत कूलर चालतो त्याच खोलीच्या माळ्यावर किंवा पलंगाखाली बोट ठेवली, तर भर मे महिन्यात तिच्यासाठी पावसाळा सुरू असतो. ताट्यांमधून आलेली ओली हवा घडीच्या आत शिरते आणि तिथेच अडकते. बाहेर ४५ अंश आणि कोरडं ठणठणीत, पण बोटीच्या घडीत बुरशी, हे कोडं बहुतेक वेळा कूलरपाशी सुटतं.

तिसरं म्हणजे बोटीच्या पोटात राहिलेलं पाणी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमधून लोकांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. अशा पाण्यात गाळ असतो, सांडपाणी असतं, पालापाचोळा असतो. तलावावर मासेमारीला नेलेल्या बोटीतही शेवाळ आणि जलपर्णीचे तुकडे येतातच. बोटीचं कापड बुरशीला फारसं खायला देत नाही. ती जगते या चिखलावर, घामावर, सनस्क्रीनवर, माशाच्या चाऱ्यावर आणि नीट न धुतलेल्या साबणावर. मऊ पीव्हीसीत मात्र लवचिकपणासाठी तेलासारखं द्रव्य मिसळलेलं असतं आणि काही जातीच्या बुरशा तेही खातात. असा डाग वरवर बसलेला नसतो, आत मुरलेला असतो.

आधी बोट कशाची आहे ते बघा

दुकानात सगळ्यांना रबरी बोट म्हणत असले तरी खरं रबर क्वचितच असतं. घरगुती वापराच्या हलक्या बोटी पातळ व्हिनाइलच्या असतात. पोहण्याच्या ट्यूबसारखं कापड, आत धागा नाही, वर छापील चित्रं. मोटर लावायच्या किंवा बचावकार्याच्या बोटी जाड पीव्हीसीच्या असतात, म्हणजे पॉलिस्टरच्या जाळीवर दोन्ही बाजूंनी पीव्हीसीचा थर. तिसरा प्रकार हायपालॉनचा. तो महाग असतो, हाताला मॅट आणि रबरासारखा लागतो.

लेबल पुसलं गेलं असेल तर कुठल्याशा झाकलेल्या कोपऱ्यात नखाएवढ्या जागेवर बारीक सँडपेपर हलकेच फिरवा. हायपालॉनची बारीक भुकटी निघते आणि जागा निस्तेज होते. पीव्हीसी प्लास्टिकसारखंच गुळगुळीत, थोडं चिकट लागतं. व्हिनाइलच्या बोटीवर हा प्रयोग करू नका, ती नुसती बघूनही ओळखू येते.

हे ओळखायचं कारण असं की हायपालॉन रसायनांना चांगलं तोंड देतं, पण त्याचे जोड गोंदानं चिकटवलेले असतात. पीव्हीसीचे जोड बऱ्याचदा वितळवून जोडलेले म्हणून पक्के असतात, पण थिनर, ॲसिटोन, पेट्रोल लागलं की पृष्ठभाग सुजतो आणि कायमचा चिकट होतो. व्हिनाइलचं तर रसायन आणि घासणं, दोन्हींपुढे चालत नाही. तिथे जोरात घासलं तरी छपाई निघून येते.

डाग खरंच बुरशीचा आहे का

कापसाचा बोळा पातळ ब्लीचमध्ये बुडवून एका ठिपक्यावर टेकवा (पातळ व्हिनाइलच्या बोटीवर मात्र ही चाचणी नको). मिनिट-दोन मिनिटांत ठिपका फिका पडला तर बुरशी. तसाच राहिला तर ती काजळी, डांबर किंवा पालीच्या-पाखरांच्या विष्ठेचा जुना डाग असू शकतो, आणि त्याला खालचे उपाय लागू होत नाहीत.

आपल्या भागात आणखी एक फसवा डाग भेटतो. पेंच-रामटेकच्या बाजूला सागाच्या झाडाखाली बोट ठेवली असेल, तर ओल्या पानांचा तांबूस-तपकिरी रंग कापडावर उतरतो. सागाचं कोवळं पान तळव्यावर चोळलं की हात लाल होतो, तोच हा रंग. त्याला घासू नका. तो पुढे सांगितलेल्या ऑक्सिजन पावडरनं हळूहळू फिका पडतो. लोखंडी पाइपजवळचा नारिंगी डाग गंजाचा असतो. त्यावर लिंबाचा रस लावून दहा मिनिटं ठेवा आणि धुऊन टाका. त्यावर ब्लीच लावलं तर गंज उलट पक्का बसतो.

गुलाबी डागाचं वेगळं सांगायला हवं. पांढऱ्या किंवा फिक्या व्हिनाइलवर, विशेषतः सीटच्या गादीवर, कडा पुसट असलेले गुलाबी पट्टे येतात. हा रंग सूक्ष्मजीव मागच्या बाजूला तयार करतात आणि तो कापडातल्या तेलकट द्रव्यात विरघळून पुढे झिरपतो. म्हणजे डाग वर नाहीच, तो कापडाच्या अंगातच आहे. तो घासून जात नाही. गादी सुकवा, वाढ थांबवा, आणि गुलाबी रंगाशी जुळवून घ्या.

सामान

यादी मोठी नाही. भांडी घासायचं लिक्विड, खायचा सोडा, औषधाच्या दुकानातलं ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड (तपकिरी बाटलीत मिळतं), कपड्यांचे डाग काढायची ऑक्सिजन पावडर, पांढरं व्हिनेगर, आणि अगदी शेवटच्या उपायासाठी ब्लीचची नवी बाटली. ऑक्सिजन पावडरच्या पाकिटावर सोडियम पर्कार्बोनेट लिहिलेलं असतं, तेवढं बघून घ्या. धुण्याचा वडीचा साबण नको, कारण पुढे येईल.

ब्लीच नवंच का, तर उष्णतेनं त्याची ताकद झपाट्यानं उतरते. उन्हाळाभर गच्चीच्या खोलीत पडलेली बाटली पावसाळ्यानंतर जवळपास नुसतं खारट पाणी असू शकते. मग 'ब्लीचनंही गेला नाही' म्हणून लोक दुप्पट ओततात. उत्पादनाची तारीख बघा, सहा महिन्यांच्या आतली घ्या.

ब्रश मऊ हवा, गाडी धुण्याचा असतो तसा. जोडांसाठी दोन-तीन जुने टूथब्रश. मायक्रोफायबरची चार फडकी, एक स्प्रे बाटली, पेपर नॅपकिनचा रोल, स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म. हातमोजे, चष्मा आणि एन-९५ मास्क. मास्क रसायनापेक्षा बुरशीच्या बीजाणूंसाठी आहे. घरात दम्याचं कुणी असेल तर त्यांना या कामापासून लांबच ठेवा.

हवा किती भरायची, काम कधी करायचं

बोट पूर्ण फुगवल्याशिवाय धुऊ नका. सैल कापडाच्या सुरकुत्यांमध्ये बुरशी लपते आणि ब्रशही घसरतो. पण इथे नागपूरचं ऊन आडवं येतं. समजा सकाळी २५ अंशांवर तुम्ही ३ पीएसआय हवा भरली. दुपारी ट्यूबमधली हवा ५० अंशांवर पोचली तर दाब साधारण ४.५ पीएसआयपर्यंत चढतो. गडद रंगाची ट्यूब उन्हात याहून जास्त तापते. जोड उसवतो तो अशाच वेळी, पाण्यात नव्हे.

म्हणून काम सकाळी सहा ते दहा, सावलीत. सांदवाडी, पोर्च, किंवा गच्चीवर टिनाच्या शेडखाली, पण टिन तापायच्या आत. बोटीवर लिहिलेल्या दाबापेक्षा थोडी कमी हवा भरा. लहान व्हिनाइलच्या बोटीला गेज नसतो. अंगठ्यानं दाबल्यावर थोडा खळगा पडावा, इतपत पुरे. खाली जुनी सतरंजी किंवा ताडपत्री अंथरा. गच्चीच्या खडबडीत कोब्यावर बोट ओढली की नवीन काम निघतं.

तलावाच्या काठावर बसून हे धुऊ नका. फेस, पेरॉक्साइड, ब्लीच यातलं काहीही फुटाळा तलावात किंवा विहिरीजवळ जायला नको. घरच्या मोरीतून गटारात जाऊ द्या.

पहिली धुलाई: यातच अर्धं काम होतं

कोरड्या बुरशीवर कधीही ब्रश मारू नका. बीजाणू धुळीसारखे उडतात, तुमच्या नाकात जातात आणि बोटीच्या स्वच्छ भागावर जाऊन बसतात. आधी स्प्रेनं सगळी बोट ओली करा आणि पाच मिनिटं थांबा.

५ लिटर कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड ३० मिली, म्हणजे दोन मोठे चमचे. यापेक्षा जास्त घालून फेसच वाढतो. वरून खाली न जाता खालून वर धुवा. वरून सुरुवात केली की मळकट ओघळ कोरड्या भागावर उतरतात आणि त्यांच्या रेघा बसतात. हातभर लांबीचा तुकडा घ्या, गोल गोल हलका ब्रश, लगेच फडक्यानं पुसा, मग पुढचा तुकडा. फडकं दर दोन तुकड्यांनी साध्या पाण्यात पिळा. पहिल्या पाच-सहा वेळा बादलीतलं पाणी काळपट होईल. ते बदलत राहा, नाहीतर तुम्ही बुरशी सगळीकडे सारवत बसाल.

आता वडीच्या साबणाचं. नागपुरात बोअरचं पाणी जड आहे. वडीचा साबण जड पाण्यात पांढरट, चिकट साका धरतो. तो कापडाच्या पोतात अडकतो आणि पुढच्या पावसाळ्यात त्यावर बुरशी जेवते. लिक्विड डिटर्जंटचा साका होत नाही. शेवटचं धुणं शक्य असेल तर नळाच्या पाण्यानं करा, ते बोअरपेक्षा मऊ असतं.

हे झाल्यावर बोट फडक्यानं कोरडी करा आणि उजेडात नीट बघा. ओल्या कापडावर डाग लपतात, वाळल्यावरच खरं चित्र दिसतं. बऱ्याच बोटी इथेच पार पडतात.

उरलेल्या डागांचं काय

हलक्या करड्या ठिपक्यांसाठी व्हिनेगर आणि पाणी समान भाग, स्प्रे करून १५ मिनिटं. वास येईल, तो वाळल्यावर जातो. व्हिनेगरचं कौतुक लोक जरा जास्तच करतात. ते नवी, वरवरची बुरशी मारतं, पण जुना रंग त्याला निघत नाही.

थोड्या खोल ठिपक्यांसाठी तीन भाग खायचा सोडा आणि एक भाग पाणी असा दाटसर लेप. ठिपक्यावर लावून दहा मिनिटं ठेवा आणि ओल्या बोटानं, ब्रशनं नव्हे, हलकं चोळा. सोडा इथे बारीक रेतीसारखं काम करतो. म्हणूनच छापील व्हिनाइलवर तो चोळू नका. व्हिनेगर आणि सोडा एकत्र ओतून फसफसणारा 'रामबाण' करण्यातही अर्थ नाही. दोघं एकमेकांना निकामी करतात आणि उरतं ते जवळजवळ नुसतं पाणी.

हट्टी डागांचं खरं औषध पेरॉक्साइड आहे. ६ टक्क्यांच्या पेरॉक्साइडमध्ये तेवढंच पाणी घाला, ३ टक्के होईल. आधी लपलेल्या जागी एक थेंब टाकून अर्धा तास बघा, रंग उडतो का. मग पेपर नॅपकिनची चौपदरी घडी त्यात भिजवून डागावर ठेवा. कडेनं ओघळ येणार नाही इतकी ओली हवी. वरून क्लिंग फिल्म लावा, नाहीतर उन्हाळ्यात पाच मिनिटांत कागद कडक होतो आणि काम थांबतं. फिल्मखाली बारीक बुडबुडे दिसतील, जोडाच्या कडेला जास्त. तिथे पेरॉक्साइड फुटून ऑक्सिजन सुटतोय, म्हणजे खाली अजून सेंद्रिय घाण आहे. ४५ मिनिटांनी कागद उचला. ठिपका काळ्याचा तपकिरी झालेला असेल, मग तपकिरीचा राखाडी. धुऊन पुन्हा लावा. एका दिवसात तीन वेळा पुरे, मग एक दिवस विश्रांती. एकाच वेळी चार तास ठेवून ते लवकर होत नाही, कारण पेरॉक्साइड तासाभरात संपलेलं असतं.

डाग ठिपक्यांचे नसून सगळ्या तळावर पसरलेले असतील तर कागद लावत बसणं शक्य नाही. तिथे ऑक्सिजन पावडर. १ लिटर गरम पाण्यात, हाताला सोसेल इतक्या, १५ ग्रॅम पावडर पूर्ण विरघळवा. न विरघळलेला कण कापडावर राहिला तर पांढरा ठिपका पडतो. ब्रशनं पसरवा, २०-३० मिनिटं पृष्ठभाग ओला ठेवा, मध्ये दोनदा पुन्हा लावा. हे मिश्रण काही तासांत निरुपयोगी होतं, उद्यासाठी ठेवू नका. आणि झाकणबंद बाटलीत तर मुळीच नको: त्यातून वायू सुटत राहतो, बाटली फुगते, फुटते.

ब्लीच: वापरायचंच असेल तर

जाड पीव्हीसी किंवा हायपालॉनवर, एकदाच आणि फक्त ठिपक्यांपुरतं. घरगुती ब्लीच साधारण ४ टक्क्यांचं असतं. १०० मिली ब्लीच, ९०० मिली थंड पाणी. गरम पाणी घेतलं तर ताकदही उडते आणि वाफही येते. कापसाच्या बोळ्यानं लावा, घड्याळ लावून पाच मिनिटं, मग भरपूर पाणी. दर आठवड्याला ब्लीच मारणाऱ्यांच्या बोटी पांढुरक्या आणि खरखरीत होतात. त्या खरखरीत पोतात पुढची बुरशी अधिक घट्ट बसते. शिवणीचा दोरा, दोरखंड, गोंदाचे जोड आणि पातळ व्हिनाइल यांना ब्लीच लागूच देऊ नका.

ही ओळ दोनदा वाचा: ब्लीच व्हिनेगरमध्ये मिसळू नका, संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये तर नाहीच. दोन्हींतून क्लोरीन वायू निघतो. अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरबरोबरही नको, तिथे दुसरा विषारी वायू तयार होतो. सकाळी व्हिनेगर वापरलं असेल तर ब्लीच दुसऱ्या दिवशी, मध्ये साध्या पाण्याची पूर्ण धुलाई करून.

पांढऱ्या 'मॅजिक' स्पंजचा मोह अनेकांना होतो. डाग झटक्यात जातो खरा, पण तो स्पंज म्हणजे अत्यंत बारीक सँडपेपर आहे. एखाद्या बोटभर जागेवर हलक्या हातानं ठीक, सगळ्या ट्यूबवर नको. प्रेशर वॉशर असेल तर नोझल मीटरभर लांब ठेवा आणि जोडाच्या पट्टीच्या कडेवर धार कधीच धरू नका. पट्टी उचलली जाते, आत पाणी शिरतं, आणि ती बुरशी मग कुणालाच काढता येत नाही.

जिथून बुरशी परत येते त्या जागा

ट्यूब चकचकीत झाली आणि दोन महिन्यांत ठिपके परत आले, तर चूक बहुधा ट्यूबवर नसते.

तळाच्या फळ्या किंवा हवेचा फ्लोअर बाहेर काढा. त्याच्याखाली, जिथे तळाचं कापड ट्यूबला मिळतं, तिथे गाळाची ओली रेघ सापडेल. ती आइस्क्रीमच्या लाकडी चमच्यानं उकरा, चाकूनं नाही. मागच्या लाकडी फळीच्या कडा तपासा. प्लाय फुगला असेल, तर तो आतून ओला आहे आणि आठवडाभर सावलीत वाळल्याशिवाय त्यावर रंग किंवा वॉर्निश लावू नका.

कडेचा दोर सोडा आणि ऑक्सिजन पावडरच्या पाण्यात तासभर भिजवा. व्हॉल्व्हचं टोपण उघडून आतली कडा टूथब्रशनं पुसा, पण त्या वेळी हवा भरलेली असू द्या म्हणजे पाणी आत जाणार नाही. ट्यूबच्या आत पाणी गेलंच असेल तर त्यात कुठलंही रसायन ओतू नका. व्हॉल्व्ह खाली येईल असं धरून निथळू द्या. मग कोरड्या दिवशी पंपानं हवा भरणं-सोडणं सात-आठ वेळा करा. एप्रिलमधली नागपूरची हवा या कामाला कुठल्याही ड्रायरपेक्षा सरस.

आणि पिशवी. जिच्यात बोट ठेवता ती कापडी पिशवी, लाइफ जॅकेट, पायपंपाची पाइप, वल्ह्यांची कव्हरं. स्वच्छ बोट बुरशीच्या पिशवीत घातली की सगळी मेहनत पाण्यात. पिशवी मशीनमध्ये धुवा. लाइफ जॅकेट मात्र हातानं, लिक्विडच्या पाण्यात, ब्लीचशिवाय. आतला फोम वाळायला तीन-तीन दिवस घेतो, त्याला घाई करू नका.

साबणाचं पाणी हाताशी आहेच, तर जोडांवर आणि व्हॉल्व्हवर फेस लावून बुडबुडे येतात का बघा. गळती शोधायला वेगळा दिवस काढायला नको. दाब मोजायचा असेल तर आज सकाळी सहाला आणि उद्या सकाळी सहालाच मोजा. दुपारचा आकडा सकाळच्या आकड्याशी जोडला तर चांगली बोटही 'गळकी' वाटते.

खळखळून धुणं, मग वाळवणं

तीन वेळा साधं पाणी, प्रत्येक वेळी खालच्या बाजूलाही. तिसऱ्या पाण्यानंतर कापडावरून हाताचं बोट फिरवा: कुरकुर आवाज आला तर साबण गेला, घसरलं तर आहे. बोअरच्या पाण्याचे पांढरे ठसे उमटले तर ५ लिटरला एक कप व्हिनेगर घालून फडक्यानं पुसा आणि पुन्हा एकदा साधं पाणी. ब्लीच वापरलेल्या दिवशी हे करू नका.

मे महिन्यात सावलीत तीन-चार तासांत बोट वरून वाळते. ऑगस्टमध्ये पंख्याखाली दोन दिवस धरा, मध्ये दोनदा उलटी करून. वरची बाजू हाताला कोरडी लागली म्हणून घडी घालू नका. आधी हवा सोडा. हवा भरलेली असताना घट्ट दाबलेल्या पट्ट्यांच्या मधलं पाणी तेव्हाच बाहेर येतं. ते पुसा आणि सैल बोट पुन्हा अर्धा दिवस पसरून ठेवा. तळाच्या कोपऱ्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा.

टायर पॉलिश मारून चमक आणायचा प्रकार टाळा. त्यात सिलिकॉन असतं. उद्या पंक्चरचा पॅच लावायची वेळ आली तर गोंद धरत नाही, आणि ओल्या बोटीत पाय घसरतो तो वेगळाच.

ठेवायची कशी

घडी सैल, दर वर्षी वेगळ्या जागी मोडलेली. पदरांमध्ये बिनवासाची टाल्कम पावडर चिमटी-चिमटीनं. मक्याच्या स्टार्चची बेबी पावडर नको, ती बुरशीला खाऊ आहे. वरून जुनी सुती चादर. प्लास्टिकची झिपवाली बॅग हवाबंद करू नका, आतली उरलीसुरली ओल तिथेच फिरत राहते. जमिनीवर नको, लाकडी फळीवर किंवा रॅकवर ठेवा. खालून ओल येत नाही आणि उंदरांचं लक्षही जरा कमी जातं. टिनाच्या शेडमध्ये एप्रिल ते जून अजिबात नको, त्या उष्णतेत गोंद सैल पडतो आणि पीव्हीसी चिकट होतं. कूलर नसलेली, मधली, अंधारी खोली सर्वात चांगली. डांबरगोळ्या किड्यांसाठी असतात, बुरशीला त्या काही करत नाहीत.

सिलिका जेल ठेवत असाल तर अर्धा किलो तरी हवं, बुटाच्या खोक्यातल्या दोन पुड्यांनी काही होत नाही. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे घडीच्या मधल्या पदरात वर्तमानपत्राचं एक दुमडलेलं पान. आषाढ-श्रावणात दर पंधरा दिवसांनी ते ओढून बघा. पान कडकडीत वाजलं तर पिशवी तशीच बंद करा. ओल्या पोळीसारखं लुळं लागलं, तर त्याच दिवशी बोट पसरा, पंखा लावा, आणि नवं पान घालून मगच घडी घाला.